खिमडाचा पेला : औषध, महसूल आणि मांडवातले मद्य

#धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

गेल्या हिवाळ्यात कांजूर गावठाणातील एका मैत्रिणीच्या घरी, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, हातात एक लहानसा काचेचा पेला आला. आत गडद तपकिरी, वाफाळते पेय होते. दालचिनी, लवंग, वेलची आणि गवती चहा यांचा वास आधी आला, जळवलेल्या साखरेचा कडवटपणा त्यामागून आला आणि सर्वांत शेवटी घशाशी मद्याची ऊब जाणवली. हे खिमड. मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे लग्नकार्यातले आणि बाप्तिस्म्यातले मसालेदार मद्य. (बाळाला भरवतात त्या खिमटाशी याची गल्लत करू नये, मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा केली होती.)

मैत्रिणीच्या आजीने पेला परत घेताना एक वाक्य सहज उच्चारले : “मसाला तोच आहे गं, आतली दारू परकी आहे.”

त्या एका वाक्याने मला अभिलेखांकडे आणि कायद्यांच्या पुस्तकांकडे पाठवले. खिमडाच्या पाककृतीत मसाला शाबूत राहिला आणि मद्य मात्र बदलले, हे कसे घडले? त्याचे उत्तर स्वयंपाकघरात नाही. ते १८७८, १८९२ आणि १९४९ या तीन सालांत आहे.

आधी पेयाविषयी. घराघरांत प्रमाण वेगळे असते, पण रीत साधारण अशी : पातेल्यात साखर करपेपर्यंत तापवायची, तिच्यावर पाणी ओतायचे, मग दालचिनी, लवंग, मिरी, वेलची, गवती चहा, कुठे आले, कुठे बडीशेप घालून उकळी आणायची. मद्य सर्वांत शेवटी, पातेले विस्तवावरून उतरवताना. या क्रमाला कारण आहे. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसलाच उकळतो. आधी घातला तर मांडवात पाहुण्यांना नुसता मसाल्याचा काढा मिळेल. शिवाय दालचिनी-लवंगेची सुगंधी तेले पाण्यापेक्षा मद्यार्कात कितीतरी सहज विरघळतात, त्यामुळे शेवटी घातलेले मद्य मसाल्याचा उरलेला अर्कही ओढून घेते. करपलेली साखर केवळ रंगासाठी नसावी, असे मला वाटते. जुन्या खिमडात मोहाची दारू असे आणि मोहाला एक उग्र, ओलसर, काहीसा कुबट वास असतो. तो वास झाकायला साखरेचा कडवटपणा आणि लवंगेचा झणका, दोन्ही उपयोगी पडतात.

वनस्पतींचा अर्क मद्यात उतरवण्याची कल्पना जगभर आहे आणि बहुतेक ठिकाणी तिचा जन्म औषधशाळेत झाला. फ्रान्समधील कार्थुसियन मठवासीयांकडे १६०५ साली एका ‘दीर्घायुष्याच्या अर्का’चे हस्तलिखित आले, १७३७ मध्ये त्यावरून १३० वनस्पतींचे औषध तयार झाले आणि पुढे त्याचेच सौम्य रूप ‘शार्त्रूझ’ हे जेवणानंतरचे मद्य म्हणून जगभर विकले गेले. त्याच देशातील ‘बेनेडिक्टिन’ची कथा इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य लक्षात ठेवावी. ते सोळाव्या शतकातील एका मठवासीयाचे विस्मृतीत गेलेले गुपित आहे, असे सांगून १८६३ मध्ये एका व्यापाऱ्याने ते बाजारात आणले. गुपित जुने नव्हते, जाहिरात नवी होती. म्हणून खिमडाविषयी बोलताना ‘पाचशे वर्षांची परंपरा’ वगैरे शब्द मी वापरणार नाही. परंपरेचे वय मोजण्यापेक्षा तिला काय काय सोसावे लागले, ते पाहणे मला अधिक मोलाचे वाटते.

आता थोडे मागे जाऊ, कारण ‘घरात मद्य करण्याचा अधिकार कोणाचा?’ हा प्रश्न इंग्रजांनी प्रथम विचारला नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे प्रकरण आहे. मद्यविक्री, दुकाने, दंड या सर्वांवर त्याची कडक नजर आहे. कौटिल्य मद्याच्या बाबतीत मुळीच उदार नाही. तरीही त्या प्रकरणात एक सवलत येते : कुटुंबांना घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा असावी. उत्सव, मेळे आणि यात्रा यांसाठी चार दिवसांची वेगळी मोकळीक सांगितली आहे. म्हणजे राज्यशास्त्राच्या त्या जुन्या ग्रंथात मद्याला तीन खण आहेत : व्यापार, औषध आणि घरचे कार्य. पहिल्यावर राज्याचा ताबा, उरलेल्या दोहोंना सवलत.

हे तीन खण ध्यानात ठेवा. या धाग्यातील पुढची सगळी गोष्ट तिसरा खण कसा नाहीसा झाला याची आहे.

औषधाच्या खणात काय होते? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांची ८४ मूळद्रव्ये मोजली आहेत : धान्ये, फळे, मुळे, खोडांचे सार, फुले, कांडे, पाने, साली आणि साखर अशा नऊ गटांत. दहा फुलांच्या यादीत कमळाचे नाना प्रकार आहेत, धातकी आहे आणि मधूक आहे. धातकी म्हणजे आपली धायटी. आजही आसव-अरिष्टे आंबवण्यासाठी वैद्य तिचीच फुले घालतात. मधूक म्हणजे मोह. ज्या झाडाच्या फुलाला पुढे गुन्ह्याचा मुद्देमाल ठरवले गेले, ते चरकाच्या यादीत कमळाच्या पंक्तीला बसले आहे. अर्थात आसव आणि दारू एक नव्हेत. आसव-अरिष्ट नुसते आंबवलेले असते. भट्टीतून गाळून काढलेले मद्य त्याहून पुष्कळ तीव्र. खिमड या दोन्हींच्या मधले म्हणावे लागेल : गाळलेले मद्य, पण काढ्यात उतरवलेले.

आता आपल्या साष्टीकडे.

कांजूर, भांडुप, विक्रोळी ही सगळी जुन्या साष्टी बेटावरची गावे. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. पुढच्या दोन शतकांत इथले कोळी, भंडारी, कुणबी, आगरी अशा अनेक समाजांतील लोक ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, भाषा मराठीच राहिली, शेती, मासेमारी आणि माडाची ताडीही राहिली. लग्नात उंबराचे पाणी आणण्याचा विधीही राहिला. ताडी तर स्वयंपाकातही शिरली. फुग्यांचे पीठ फुगवायला पूर्वी ताडीच वापरत. या घरांसाठी मद्य हे व्यसनाआधी जिन्नस होते, मिठासारखे.

१७३९ मध्ये वसई पडली आणि हा मुलूख मराठ्यांकडे आला. पेशवाईचे मद्याविषयीचे धोरण कडक होते, पण सरसकट नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशीवर जो प्रास्ताविक निबंध लिहिला, त्यात ही विसंगती टिपली आहे : एकीकडे बंदीचे हुकूम आणि दुसरीकडे कोकणपट्टीतील कोळी-भंडाऱ्यांना, तसेच चाकरीतील ख्रिस्ती गोलंदाजांना दिलेली मोकळीक. कौटिल्याचा तिसरा खण पेशव्यांच्या कारभारातही, अर्धवट का होईना, शिल्लक होता.

१७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. त्यांची पहिली दृष्टी घरगुती भट्ट्यांवर नव्हती, सैन्याच्या रमवर होती. आमच्या शेजारच्या भांडुपमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोठी भट्टी होती. ‘बॉम्बे कुरियर’ या वृत्तपत्राचे संपादक ल्यूक अ‍ॅशबर्नर यांच्याकडे भांडुपची जहागीर होती आणि पुढे ती त्यांचे कारभारी कावसजी माणेकजी यांच्याकडे गेली. कावसजींनी मालकाचे आडनावही घेतले. मुंबईच्या लष्कराला रम पुरवण्याचा मक्ता या भट्टीकडे होता. आज भांडुप स्थानकात गाडी थांबते तेव्हा हे कोणाला आठवत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

रमचा मक्ता एका जागी आणि घराघरांतील मोहाची भट्टी दुसऱ्या जागी, अशी ही व्यवस्था काही दशके शेजारीशेजारी नांदली. ही घरची भट्टी कशी असे? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची टपोरी, रसाळ फुले गळतात. ती वेचून वाळवली की मनुकांसारखी दिसतात आणि त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. फुले काही दिवस पाण्यात भिजवून आंबवायची, मग मडके चुलीवर चढवायचे, वर दुसरे मडके पालथे घालून सांधे मातीने लिंपायचे आणि पोकळ नळीने वाफ थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची. प्रथम येते ती तीव्र. ‘पहिल्या धारेची’ हा आपला वाक्प्रचार तिथून आला. आणि ‘बेवडा’? आज तो शब्द माणसाला लावतात, पण आरंभी तो मद्याचा होता : दुहेरी, म्हणजे दोनदा गाळलेली दारू. गुजराती ‘बेवडुं’ म्हणजे दुप्पट. भट्ट्यांचा धंदा मोठ्या प्रमाणावर पारशी मक्तेदारांच्या हाती असल्याने शब्दही त्यांच्या बोलीतून आला. पिणाऱ्याला पेयाचे नाव चिकटले.

ठाणे जिल्ह्यातील वारली, ठाकूर, कातकरी यांच्यासाठी मोह हे केवळ दारूचे झाड नव्हते. वाळलेली फुले ते भाकरीच्या पिठात मिसळत, टंचाईच्या दिवसांत तीच पोट भरत. बियांचे तेल निघे. झाड पूज्य होते, देवाला धार दिल्याशिवाय पहिला घोट नव्हता.

मग १८७८ उजाडले.

त्या वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्यामागे चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याची बुद्धी होती. तत्त्व सरळ होते : मद्य तयार करायचे ते सरकारच्या नजरेखालील मोजक्या मोठ्या भट्ट्यांतच, प्रत्येक गॅलनवर कर भरून. ठाणे-कुलाब्यासाठी आणि मुंबईसाठी उरणच्या भट्ट्या हे मोठे केंद्र होते; पंचमहालाकडून मोहाची फुले पोत्यांनी तिथे येत. माडावर चढण्यासाठीही प्रत्येक झाडामागे कर बसला आणि तो वाढत गेला, तसा भंडाऱ्यांचा परंपरागत धंदा मोडकळीस आला. घरच्या लग्नासाठी घरची दारू काढणारी म्हातारी आणि चोरटा व्यापार करणारा गुंड, दोघे कायद्याच्या एकाच कलमात बसले. कौटिल्याने मोकळा ठेवलेला खण प्रिचर्डने बंद केला. त्याला नीतीची चाड होती म्हणून नव्हे. घरात निघणाऱ्या दारूवर कर बसवता येत नाही म्हणून. याच कायद्याखालील महसूल पुढे मुंबई सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार झाला.

एवढ्याने भागले नाही. भट्टी लपवता येते, मडके फोडता येते. मोहाचे झाड मात्र रानात उभेच राहते. त्यामुळे १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी ‘मोहरा कायदा’ आला आणि थेट फुलांच्या साठवणुकीवर व ने-आणीवर बंधने पडली. झाडावरून आपोआप गळणारे फूल घरात साठवणे गुन्हा ठरू शकत होते. त्या काळी कांजूर मुंबईत नव्हते. उपनगर जिल्हा १९२० मध्ये निर्माण झाला, तोवर साष्टीची ही सगळी गावे ठाणे जिल्ह्यातच मोडत. म्हणजे मोहरा कायदा आमच्या गावठाणालाही लागू होता. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातविषयी आणि इंद्रा मुन्शी सल्डाना यांनी ठाणे जिल्ह्याविषयी या धोरणाचा जो अभ्यास केला, तो मुळातून वाचण्यासारखा आहे. रिवाज गुन्हा कसा बनतो, हा त्यांचा विषय.

इथे थोडे गोव्याकडे वळतो, कारण तिथे हाच खेळ उलट दिशेने संपला.

१८७८ च्याच डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक तह झाला. त्याने गोव्यातील मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला, जकातीच्या भिंती पडल्या आणि मुंबईच्या धर्तीची अबकारी व्यवस्था गोव्यातही आली. लोकांत असंतोष मोठा होता. तह बारा वर्षांचा होता. १८९२ च्या जानेवारीत तो संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. साल पाहा. ज्या वर्षी ठाण्यात मोहाच्या फुलांवर कायदा आला, त्याच वर्षी गोवा मुंबईच्या अबकारी चौकटीतून बाहेर पडला.

परिणाम आज बाटलीत दिसतो. गोव्यात काजूची आणि माडाची फेणी गावोगावच्या भट्ट्यांत निघत राहिली आणि तिच्याबरोबर तिची औषधी भावंडेही टिकली. ‘दुकशिरी’ हे त्यांतले माझे आवडते उदाहरण : फेणीत अनंतमुळाची मुळे मुरवत ठेवायची की तिला मातीचा, किंचित व्हॅनिलासारखा गंध येतो. जिरे मुरवलेली फेणीही असते. पोटदुखीला, सर्दीला घोटभर द्यायची ती हीच. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले, म्हणजे फेणीचा कच्चा माल परका. तरी ती गोव्याची ठरली. मोह इथला, चरकाच्या यादीतला. आणि मोहाची दारू मात्र ‘गावठी’ या एका शब्दात तुच्छ झाली. दोन पेयांतील हा फरक चवीमुळे पडला, असे मला वाटत नाही. सरहद्दीच्या कोणत्या बाजूला भट्टी होती, त्यामुळे पडला.

साष्टीतील समाजाचे काय झाले? याच दशकांत त्याला त्याचे आजचे नाव मिळाले. गोव्यातून आणि मंगळूरकडून ख्रिस्ती लोक नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले होते. स्थानिक ख्रिस्ती समाजाने आपले वेगळेपण जपण्यासाठी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून, १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. कंपनी सरकारशी असलेले जुने नाते त्यातून सांगायचे होते. ज्या राजवटीच्या नावाशी आपले नाव जोडले, तीच राजवट त्या वर्षांत त्यांच्या माडांवर कर वाढवत होती आणि भट्ट्या बंद करत होती. इतिहासात असे प्रसंग विनोदी वाटतात. ज्यांच्यावर गुदरले त्यांना तसे वाटले नसतील.

तरीही पैसे देऊन दुकानातून मोहाची दारू मिळत होती. खिमडाला आतून फारसा धक्का बसला नव्हता. धक्का बसला तो स्वराज्यात.

१९३९ च्या १ ऑगस्टला मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने शहर आणि उपनगरांत दारूबंदी आणली; डॉ. गिल्डर हे त्या खात्याचे मंत्री. काही महिन्यांतच मंत्रिमंडळ गेले आणि ती बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी झाली. या वेळी हेतू महसुलाचा नव्हता, उलट सरकार मोठ्या उत्पन्नावर पाणी सोडत होते. मागे गांधीजींचा आग्रह होता आणि दारूने उद्ध्वस्त झालेली गिरणगावातील घरेही होती. या बंदीची आज टिंगल करणे सोपे आहे. पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईच्या जागी उभे राहून पाहिले तर ते तितके सोपे राहत नाही.

पण कायद्याला खण हवे असतात. कोणते ठेवले?

फ्रामजी नसरवानजी बलसारा नावाच्या एका मुंबईकर पारशी गृहस्थांनी उच्च न्यायालयात अर्ज केला : व्हिस्की-ब्रँडी तर सोडाच, ओ द कोलोन, लव्हेंडर वॉटर, औषधी वाइन, मद्यार्कयुक्त औषधे बाळगण्याचाही माझा हक्क हिरावला गेला आहे. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९५० मध्ये कायद्याची अनेक कलमे रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ मे १९५१ च्या निकालात न्यायालयाने दारूबंदीचा गाभा कायम ठेवला, पण मद्यार्क असलेल्या औषधी आणि प्रसाधनाच्या द्रव्यांवरील बंदी मान्य केली नाही. राज्यघटनेचे ४७ वे कलमही मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करण्यास सांगताना औषधी उपयोगाचा अपवाद ठेवते, हे या संदर्भात महत्त्वाचे.

झाले असे की औषधाचा खण उघडा राहिला. त्यातून अर्थातच पुष्कळ काही वाहून गेले. त्यामुळे पुढच्या दुरुस्त्यांत कायदा एक विलक्षण प्रश्न विचारू लागला : ही बाटली नशेसाठी ‘अयोग्य’ आहे का? अयोग्य असेल तर औषध, योग्य असेल तर दारू. हे ठरवायला तज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले. आसव-अरिष्टांनाही या चाळणीतून जावे लागले. ज्यांना डॉक्टरी दाखल्यावर परवाना मिळे, ते आरोग्यासाठी म्हणून विलायती मद्य पिऊ शकत. आजही महाराष्ट्रात कायद्याने मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, तो याच १९४९ च्या कायद्याचा अवशेष.

आणखी एक खण होता. त्या कायद्यात धार्मिक संस्कारासाठी लागणाऱ्या मद्याला परवानगीची तरतूद आहे. चर्चमधील मिस्सेची वाइन त्यात बसली.

आता कांजूरच्या गावठाणात उभे राहून पाहा. सकाळी चर्चच्या वेदीवर वाइन आहे. ती संस्कार, म्हणून कायदेशीर. घरी औषधाच्या बाटलीत मद्यार्क आहे. ते औषध, म्हणून कायदेशीर. कोणा सधन गृहस्थाकडे परवाना आहे. ते आरोग्य, म्हणून कायदेशीर. आणि संध्याकाळी मांडवात, उंबराचे पाणी आणून झाल्यावर, आजी पाहुण्यांना देते तो खिमडाचा पेला? तो औषध नाही, कारण त्याची चव चांगली आहे. तो संस्कार नाही, कारण तो पाद्र्याच्या हातून येत नाही. तो व्यापार नाही, कारण त्याची किंमत कोणी घेत नाही. कायद्याच्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती. प्रिचर्डने महसुलासाठी बंद केलेला खण स्वतंत्र भारतानेही उघडला नाही, फक्त कुलपावरचे नाव बदलले.

लग्ने थांबली नाहीत, खिमडही थांबले नाही. मद्य मात्र कुठून तरी आणावे लागे. बंदीच्या काळात साष्टीच्या खाडीकाठी, तिवरांत आणि मिठागरांच्या आडोशाला भट्ट्या लागल्या. वांद्र्यापासून धारावीपर्यंत ‘आंटीचे अड्डे’ निघाले आणि नवटाकच्या मापाने दारू विकली जाऊ लागली. तिच्यात मोह क्वचितच असे. काळा गूळ, कुजकी फळे आणि किण्वाला जोर यावा म्हणून नवसागर. या काळाच्या आठवणी आता चित्रपटांत गमतीदार होऊन येतात. मला त्यांत गंमत दिसत नाही. चोरून गाळलेल्या दारूत काय आहे, हे विचारण्याचा अधिकार पिणाऱ्याला नसतो. बंदी सैल झाल्यावरही गरिबांसाठी तो धोका टळला नाही : २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक माणसे मेली.

साठच्या दशकात बंदी शिथिल झाली, सत्तरच्या दशकात परवान्याची ‘देशी दारू’ दुकानांत आली. पण ती मोहाची नव्हती. साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात पाणी आणि संत्र्या-मोसंबीचा कृत्रिम स्वाद मिसळून ती बनते. साखर महाराष्ट्राच्या राजकारणाचा कणा; मळीला गिऱ्हाईक हवेच होते. मोहाला असा कोणी वाली नव्हता. त्यामुळे साष्टीतील अनेक घरांत खिमडाच्या पातेल्यात रम किंवा ब्रँडी पडू लागली. आजीच्या तोंडची ‘परकी दारू’ ती ही.

मसाला का टिकला, याचे उत्तर आता सोपे वाटते. दालचिनी-लवंगेवर कोणी परवाना मागितला नाही. ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात कुटलेला मसाला आजही ‘बॉटल मसाला’ म्हणून ओळखला जातो, कारण तो गडद काचेच्या रिकाम्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरत. बाटल्यांतील मद्य संपले, गेले. बाटलीत मसाला राहिला.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि ने-आण करणे यांवरील निर्बंध उठवले. १८९२ मध्ये फुलावर बसलेला संशय १२९ वर्षांनी दूर झाला. २०२२ मध्ये मोहफुले आणि काजूबोंडे यांसारख्या स्थानिक फळाफुलांपासूनच्या मद्याला चांगला दर्जा मिळावा, म्हणून त्याला ‘देशी’ वर्गातून काढण्याचा निर्णय झाला. कोणत्या वर्गात घातले? ‘विदेशी मद्य’. चरकाच्या यादीतील फुलाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी कागदोपत्री परदेशी व्हावे लागले. (हे वाचून मी ग्रंथालयात मोठ्याने हसलो आणि माफी मागावी लागली.) फुले वेचणाऱ्या वारली-कातकऱ्यांना, किंवा पिढ्यान्‌पिढ्या ती गाळणाऱ्यांना, घरच्या कार्यापुरती भट्टी लावण्याची मुभा मात्र या निर्णयांत नाही.

लग्नानंतर काही दिवसांनी मी हे सगळे मैत्रिणीच्या आजीला सांगितले. कौटिल्य, प्रिचर्ड, बलसारा, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, आता मोहाची चांगली दारू दुकानात मिळते का, केवढ्याला? मी किंमत सांगितली. “एवढ्यात रमच्या दोन बाटल्या येतील,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, “पण धाकट्याच्या लग्नाला एक आणून ठेव. वास कसा होता ते मुलांना कळू दे.”

धाकट्याचे लग्न मे महिन्यात आहे.